माशाच्या कातडीवरचा खर्च

मूलभूत संशोधन ही सुखवस्तू देशांनी करायची गोष्ट आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. शिक्षकांच्या बैठकांत ते आवेशानं मांडतही होतो. भालकी, औराद, बसवकल्याण आणि तिकडं कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद, हा आमचा मराठी बोलणारा पट्टा. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि आम्ही आजच्या कर्नाटकाकडं आलो. सोयरीक उदगीर-निलंग्याला, कचेरीचं काम बिदरला. आजारपणाला मात्र ठरलेलं गाव नाही. तंबाखू-चुन्यानं तोंडात चट्टा पडला की आधी घरगुती औषध, मग बिदर, मग कलबुर्गीचं किडवाई कॅन्सर केंद्र, नाहीतर सोलापूर, बार्शी, हैदराबाद. उसनवारी करून पैसा उभा राहिलाच तर मुंबईचं टाटा रुग्णालय. अशा मुलखात राहून, मुंबईत कुणी शास्त्रज्ञ माशाच्या पिल्लाच्या कातडीवर काम करतो असं वाचलं की माझा संताप व्हायचा. त्या पैशात आमच्या तालुक्याला गावोगाव तोंडं तपासणारा एक माणूस का मिळू नये?

त्या मतामागं कळवळा होता, तो आजही तसाच आहे. मत बदललं ते एका कागदामुळं.

वहिनींच्या छातीत काहीतरी वेगळं जाणवत होतं. गाठ म्हणावी अशी हाताला लागत नव्हती, एका बाजूला नुसता जाडसरपणा. बायोप्सी झाली. रिपोर्ट घेऊन पुतण्या भालकी स्टेशनावर उतरला तो थेट माझ्याकडं आला, कारण आमच्या घरात असले कागद मी वाचतो. वर हार्मोनच्या दोन तपासण्या पॉझिटिव्ह होत्या. त्याखाली लिहिलं होतं, 'ई-कॅडहेरिन : निगेटिव्ह'. पुतण्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "काका, हे तरी निगेटिव्ह आलंय की. म्हणजे पसरलं नाही ना?" ओसरीवर बसलेले सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला काही सांगता आलं नाही. मी वाचायला बसलो तो त्या ओळीपायी.

ई-कॅडहेरिन हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. शेजारच्या दोन पेशी आपापली ही प्रथिनं एकमेकींत अडकवून धरतात, टिचबटणाचे दोन भाग अडकवावेत तशी, आणि ती अडकायला कॅल्शियम लागतं. जपानमध्ये क्योटोच्या मासातोशी ताकेइचींनी 1970 आणि 80 च्या दशकांत हे उलगडून दाखवलं. त्याआधी 1955 साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी बेडकांच्या वर्गातल्या प्राण्यांच्या भ्रूणाच्या पेशी सुट्या करून पुन्हा एकत्र कालवल्या होत्या. त्वचेच्या पेशी आपोआप बाहेरच्या बाजूला गेल्या, मज्जासंस्थेच्या आत सरकल्या. कुणाला कुणाशेजारी राहायचं हे जणू पेशींना ठाऊक होतं. ही माणसं कॅन्सरचं औषध शोधत नव्हती. शरीर घडतं कसं, एवढाच त्यांचा प्रश्न.

वहिनींच्या त्या पेशींत हे प्रथिन उरलंच नव्हतं. एकमेकींना न धरता त्या एकामागून एक रांगेनं ऊतीत शिरल्या होत्या. म्हणून गाठ हाताला लागत नव्हती. या प्रकाराला लोब्युलर म्हणतात, आणि मॅमोग्राफीतही तो सहज दिसत नाही. पुतण्याला मी सांगितलं, बाबा रे, या निगेटिव्हचा अर्थ पसरलं नाही असा नाही, आजाराची जात कुठली ते यावरून ठरतं. पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांनी नेमकं काय शोधायचं हेही त्यातून कळतं. भ्रूणांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे प्रथिन हुडकलं नसतं, तर ती ओळ आमच्या कागदावर आलीच नसती.

मग मी त्या माशाकडंही नीट पाहिलं. झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला, भातखाचरांतला बोटभर मासा. त्याचं भ्रूण पारदर्शक असतं, म्हणून जिवंतपणीच त्याच्या पेशी बघता येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले महेंद्र सोनावणे आधी जर्मनीत ट्युबिंगेनला क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या कामावरचा त्यांचा लेख 2005 साली आला. एक जनुक बिघडलं की या माशाच्या कातडीतला तळचा थर खालच्या पडद्याला पकडून ठेवणारे बंध तयारच होत नाहीत. त्याच पेशी मग बेसुमार वाढतात आणि नको तिथं जाऊन बसतात. सुटणं, वाढणं, भटकणं, आमच्याकडचा प्रत्येक रोगी ज्याला भितो ते सगळं त्या पिल्लाच्या कातडीत दिसतं.

आणि पेशीनं सुटून जाणं ही काही कॅन्सरनं शोधलेली युक्ती नव्हे. गर्भात चेहऱ्याची हाडं घडवणाऱ्या, कातडीला रंग देणाऱ्या पेशी अशाच मूळ जागा सोडून प्रवासाला निघतात. माशाच्या अंगावरचे पट्टेही त्यातूनच येतात. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात सोराब दलाल यांच्या गटानं प्लाकोफिलिन-3 हे जोडणीतलं प्रथिन कमी केलं, तर पेशींची पकड सैल झाली आणि उंदरांत कॅन्सर पसरला. तिथंच मिलिंद वैद्य यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींतल्या केराटिन या प्रथिनावर काम केलं. तोंडाचा कॅन्सर, म्हणजे आमचाच. न्यूझीलंडमध्ये एका माओरी घराण्यात पिढ्यानपिढ्या माणसं पोटाच्या कॅन्सरनं जात होती. पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांना 1998 मध्ये त्याचं मूळ ई-कॅडहेरिनच्याच जनुकात सापडलं. आता तसल्या घरांतले लोक आधीच तपासणी करून घेतात, दोष निघाला तर काही जण जठर काढून टाकतात आणि जगतात.

एवढं कळल्यावर मला वाटायला लागलं होतं की पकड सुटली की पसरतं, हिशोब संपला. तो संपत नाही. 2019 साली अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटानं उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरच्या दुसऱ्या, जास्त आढळणाऱ्या प्रकारात ई-कॅडहेरिन काढून टाकलं. पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, पण वाटेत जास्त मेल्या, आणि दूरच्या अवयवांत रुजणं उलट कमी झालं. एकीकडं पकड सुटायला हवी, दुसरीकडं तिच्याशिवाय निभाव लागत नाही. पूर्वीचा मी म्हणालो असतो, बघा, यांचं यांनाच ठरवता येत नाही. आता मला वाटतं, पुतण्यानं ओसरीवर विचारलेला प्रश्नच इतका अवघड आहे, आणि तो सोडवायला माशापासून सुरुवात करणारी माणसं लागतात.

तालुक्यात तोंड तपासणारा माणूस हवा, हे मी आजही प्रत्येक बैठकीत म्हणतो, पूर्वीइतक्याच जोरात. पण माशाचे पैसे तोडून द्या, असं आता म्हणत नाही.