ट्यूलिपचा कांदा

हॉलंडमध्ये लेकीकडे जाऊन ट्यूलिप न पाहता परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहणं! २०२३च्या एप्रिलमध्ये तिनं तिकिटं आधीच काढून ठेवली होती. मग काय, डबा भरून घेतला आणि आम्ही मायलेकी लिसे गावच्या ‘क्यूकेनहोफ’ला निघालो.

नाव कसं भारदस्त वाटतं, नाही? पण अर्थ विचाराल तर ‘स्वयंपाकघराची बाग’! पंधराव्या शतकात इथल्या गढीच्या मुदपाकखान्यात इथूनच पाला-भाजी जायची म्हणे. १९५०पासून मात्र इथं दर वसंतात फुलांचं प्रदर्शन भरतं. ३२ हेक्टर जागा, सुमारे ७० लाख कंद आणि फुलांचा बहर जेमतेम आठ आठवडे. रंगांचं वर्णन मी करीत बसत नाही. पैठणीच्या दुकानात शिरल्यावर आपलं जे होतं, तेच झालं. मला अप्रूप वाटलं ते लावणीचं. खाली उशिरा फुलणारे कंद, त्यावर लवकर फुलणारे, सगळ्यात वर चिमुकले क्रोकस, असे बिर्याणीसारखे थर देतात. एक फूल सुकेपर्यंत त्याच जागी दुसरं वर येतं. शरदात माळी हे सगळं हातानं लावतात, आणि हंगाम संपला की पुन्हा उपटून काढतात.

बागेबाहेरच्या शेतांत तर फुलं उमलली की चक्क छाटून टाकतात! कंद पोसला पाहिजे ना. खरा व्यापार कंदाचा. आपल्याकडे कांद्याचे डेंगळे मोडतात, तसंच.

दुपारी बाकावर बसून डबा उघडला. दशम्या आणि पीठ पेरून केलेली कांद्याची भाजी. शेजारच्या आजीबाई डब्यात डोकावून हसल्या. ‘कांदा का?’ म्हणाल्या. ‘मी लहानपणी ट्यूलिपचा खाल्लाय.’

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नाही हो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. वीस हजारांहून अधिक माणसं गेली. लढाईमुळे न लावलेले कंद शेतकऱ्यांच्या कोठारांत पडून होते, तेच लोकांनी खाल्ले. कसे करायचे, त्याच्या पाककृतीही छापून यायच्या, अगदी आपल्या या पानावर येतात तशा! सोलायचे, मधोमध चिरायचे, आतला पिवळा कोंब काढून टाकायचा, कारण तो बाधतो, आणि मग बटाट्यासारखे उकडायचे. आजीबाई तेव्हा सात वर्षांच्या. आई चिरायची आणि ह्यांनी बोटानं कोंब काढायचा. ‘एकही राहिला तर बघ,’ अशी ताकीद. चव? ‘पिठूळ, आणि घशाशी कडू,’ एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आईनं पुढं मरेपर्यंत घरात ट्यूलिप आणू दिला नाही. बागेत यायची, बघायची, पण फुलदाणीत नाही.

मी दशमी पुढं केली. त्यांनी भाजीसकट खाल्ली, आणि पीठ कसलं ते विचारलं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ कुठं मिळतं, ते लेकीनं त्यांना कागदावर लिहून दिलं.

(मैत्रिणींनो, घरी ट्यूलिप शिजवून पाहण्याच्या भानगडीत कुणी पडू नका हं. बाजारातल्या कंदांवर औषधं मारलेली असतात.)

जाऊबाईंनी कंद आणायला बजावलं होतं. मी आणले नाहीत. एक तर परदेशातून कंद आणायचे तर परवाने लागतात. शिवाय त्यांना तीन-चार महिने कडक थंडी हवी. आपल्या पुण्यात ती कुठून आणणार? फ्रिजमध्ये ठेवून एकदा फूल येईलही, पण दुसऱ्या वर्षी नुसती पानं. त्यापेक्षा निशिगंधाचे कंद लावा, म्हटलं. जूनमध्ये त्यांना डझनभर नेऊन दिले.