ट्योर्बेलचे गायरान आणि आजीचा प्रश्न

१/
आजचा धागा लढायांचा नाही आणि गडकोटांचाही नाही. तो एका गवताळ उताराचा आहे. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस वालिस नावाचा प्रांत आहे. तेथे फिस्पा नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर ट्योर्बेल हे गाव वसले आहे. आजची वस्ती सुमारे ५०० माणसांची. कोणत्याही मोठ्या युद्धाशी वा तहाशी या गावाचे नाव जोडलेले नाही. तरीही सामाईक मालमत्तेच्या इतिहासाचा विषय निघाला, की जगभरच्या अभ्यासकांना हे गाव आठवते.

२/
प्रथम भूगोल पाहू. येथे गावाची जमीन आडवी पसरलेली नसून उभी चढत गेलेली आहे. अगदी खाली, खोऱ्याच्या उबदार उतारावर द्राक्षमळे. त्यांच्या वर राय या धान्याची शेते आणि लाकडी घरांचे गाव. मग वैरणीची गवताळ राने, त्यावर सूचिपर्णी वृक्षांचे जंगल आणि सर्वांत वर, सुमारे २,००० मीटरवर, उन्हाळी कुरण. तेथील बोलीत ‘आल्प’ म्हणजे हिमशिखर नव्हे, तर हे कुरणच. सभोवतालची उंच शिखरे पावसाचे ढग अडवतात, म्हणून हा प्रदेश स्वित्झर्लंडमधील सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे. वितळत्या बर्फाचे पाणी पाटांनी आणून पाळीपाळीने शेतांना द्यावे लागे.

३/
शेते, मळे आणि वैरणीची राने खाजगी होती. वरचे कुरण, जंगल, पडीक जमीन, पाट आणि वाटा मात्र साऱ्या गावाच्या. मग एखाद्याने उन्हाळ्यात वीस गायी विकत घेऊन कुरणावर सोडल्या तर? ट्योर्बेलकरांनी त्याचे उत्तर १५१७ साली लिहून ठेवले: हिवाळाभर आपल्या वैरणीवर जितक्या गायी पोसता येतील, तितक्याच गायी कुरणावर न्याव्यात, त्याहून एकही अधिक नको. नियम एका ओळीचा, पण त्याची योजना विलक्षण आहे. बर्फाळ महिन्यांत गोठ्यात काय शिल्लक राहते, ते अख्ख्या गावाला दिसतेच. लबाडी लपवायला जागा कुठे?

४/
अंमलबजावणीही तितकीच व्यवहारी होती. कुरणावर जाण्याच्या पहिल्या दिवशी गायींची मोजणी होई आणि हंगामाअखेर त्याच आकड्याच्या प्रमाणात चीज वाटले जाई. नियम मोडणाऱ्याला दंड करणाऱ्या अधिकाऱ्यास त्या दंडाचा अर्धा हिस्सा मिळे. तोडायची झाडे वनरक्षक खुणा करून ठरवी, कुटुंबे मिळून ती तोडत आणि लाकडाचे शक्यतो सारखे ढीग रचत. कोणता ढीग कोणाचा, हे शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरे. आपल्या वाट्याला कोणता येईल हे ठाऊक नसल्यामुळे ढीग रचताना कोणी कुचराई करीत नसे.

५/
१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी एका गाजलेल्या निबंधात असे मांडले, की सर्वांना खुले असलेले कुरण अखेर उजाड होणारच, कारण प्रत्येक जण आपले आणखी एक जनावर तेथे सोडत राहतो. पुढे मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी ट्योर्बेलची शतकानुशतकांची कागदपत्रे आणि कुटुंबांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा ग्रंथ १९८१ साली आला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात हेच उदाहरण घेतले. सामाईक संसाधने लोक स्वतःच टिकवू शकतात, हे दाखवणाऱ्या ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

६/
ही कथा मी अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी सांगताना मन भरून आले आहे. एका संध्याकाळी गावाकडे ओसरीवर बसून ती आजीला सांगितली. गायींची मोजणी तिला पटली, लाकडाच्या चिठ्ठ्यांवर ती मनापासून हसली. मग निवडत असलेल्या शेंगा बाजूला ठेवून तिने विचारले, “आणि आपल्यासारखं मागनं आलेलं माणूस असलं, तर त्याची गाय कुठं चरायची रे बाळा?”

मला उत्तर देता आले नाही. माझे पणजोबा दुष्काळात आपले गाव सोडून या गावी आले होते. त्यांनी येथे जमीन घेतली, घर बांधले. तरीही आजोबांच्या काळापर्यंत आम्हांला ‘उपरे’ म्हणत. तो शब्द मी इतिहासाच्या पुस्तकाआधी घरातच ऐकला होता.

७/
आजीच्या प्रश्नाचे उत्तर खुद्द ट्योर्बेलच्या कागदात आहे. १ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी कुरण, जंगल आणि पडीक जमिनीच्या व्यवस्थेसाठी एक करार केला. त्यानुसार परक्याने गावात जमीन विकत घेतली, तरी सामाईक कुरणावर वा जंगलतोडीवर त्याला हक्क मिळणार नव्हता. हे कलम मी पूर्वी वाचले होते. वाचून पुढे गेलो होतो, इतकेच.

८/
आपल्याकडील वाचकांना ही विभागणी अनोळखी वाटू नये. पेशवाईतील गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरागत असे आणि गावाच्या कारभारात त्याला मान असे. उपरी जमीन कसे, पण त्याची मुळे तेथे मानली जात नसत. १८१९ च्या आपल्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीही हा भेद नोंदवला आहे. दोन्ही ठिकाणचे कायदे वेगळे आणि निसर्गही वेगळा. मात्र ‘गाव’ म्हणताना त्यात कोणाकोणाला मोजायचे, हा प्रश्न दोन्हीकडे होता.

९/
दार बंद केल्याने प्रश्न मिटला असेही नाही. आत जन्मणाऱ्यांची संख्या वाढली, तरी गवत तेवढेच राहते. नेटिंग यांनी नोंदींवरून दाखवले, की येथे विवाह उशिरा होत आणि अनेक स्त्री-पुरुष आयुष्यभर अविवाहित राहत. कित्येकांना पोटासाठी गाव सोडावे लागे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बटाट्याने थोडा आधार दिला आणि लोकसंख्या वाढू लागली. कुरणाचा जो तोल आपण वाखाणतो, त्याची किंमत अशा न झालेल्या लग्नांनीही मोजली आहे. शिवाय १५१७ चा नियम न्याय्य असला, तरी समान नव्हता: ज्याची वैरण जास्त, त्याच्या गायी जास्त. स्त्रियांचे म्हणावे, तर स्वित्झर्लंडमध्ये त्यांना राष्ट्रीय मताधिकार मिळायलाच १९७१ साल उजाडले.

१०/
म्हणून ट्योर्बेलचे महत्त्व कमी होते का? मला तसे वाटत नाही. दार उघडे ठेवले असते, तर कदाचित हार्डिन यांचेच म्हणणे खरे ठरले असते. मर्यादेवाचून कुरण टिकत नाही, हे ट्योर्बेलकरांना पाचशे वर्षांपूर्वी उमगले होते. आज कारखाने आणि पगाराच्या नोकऱ्यांमुळे गायींवरचे अवलंबन सरले आहे. उंदरांपासून धान्य वाचवण्यासाठी दगडी चकत्यांवर उभारलेली लाकडी कोठारे आता वारसा म्हणून जपली जातात. २०२३ साली युनेस्कोने स्वित्झर्लंडमधील उन्हाळी कुरणांची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. पाटपाण्याची पारंपरिक पद्धतही त्याच वर्षी इतर काही युरोपीय देशांच्या जोडीने तेथे आली. वारसा म्हणून त्या यादीत आता कोणालाही सहभागी होता येते. १४८३ च्या यादीत ते शक्य नव्हते, कारण त्या यादीवर जगणे अवलंबून होते.

११/
आता ही कथा सांगताना मी १५१७ च्या नियमाआधी १४८३ चे कलम सांगतो. त्यामुळे ती पूर्वीइतकी गोड राहत नाही, पण आजीला ती आता पटते. आपल्या गावच्या गायरानाची, पाणवठ्याची जुनी वहिवाट घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा. तेथे कोणाची जनावरे चरत, हे ते हौसेने सांगतील. कोणाची चरत नसत, हेही त्यांना आठवणीने विचारा. जे उत्तर मिळेल, ते या धाग्याखाली अवश्य लिहा.