पाठराखीण एच-फोर

पूर्वी नवी नवरी सासरी निघाली की सोबत पाठराखीण जायची. चार दिवस राहायची, नवरी रुळली की परतायची. लग्न करून न्यू जर्सीला किंवा डॅलसला जाणाऱ्या आपल्या मुलींची पाठराखीण म्हणजे एच-फोर व्हिसा. नवरा एच-वन-बीवर तिकडे नोकरीला, बायको इकडे. तिला नवऱ्यापर्यंत नेऊन पोचवण्याचं काम ही चोख करते. पण पोचवल्यावर परत काही जात नाही. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते.

व्हिसांच्या भावकीत मात्र हीच त्यातल्या त्यात मायाळू. के-वन अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त वधूला बोलावतो आणि उतरल्यापासून 90 दिवसांत लग्न लावा म्हणून मागे लागतो. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला एफ-टू-एच्या रांगेत उभं राहावं लागतं. टुरिस्ट व्हिसा तर आधी विचारतो, परत येणार कशावरून? एच-फोर असलं काही विचारत नाही. वर्षाला इतक्याच बायका, असा कोटाही तिच्याकडे नाही. तिला मुख्यतः एकच सिद्ध करून हवं असतं : हे लग्न खरं आहे.

आणि ते सिद्ध करायला ती घर डोक्यावर घेते. मुलाची रजा तीन आठवड्यांची. अक्षता पडल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोडपं विवाह नोंदणीच्या कार्यालयात. नवरीच्या हातावरची मेंदी अजून गडद आणि त्याच हातात फाइल : लग्नपत्रिका, तीन साक्षीदारांची ओळखपत्रं, गुरुजींची सही. गुरुजी पुढच्या लग्नाला गेलेले असतात, मग काका स्कूटरवरून त्यांना गाठायला धावतात. घरात पूजा चालू असताना आतल्या खोलीत कुणीतरी व्हिसाचा डीएस-160 अर्ज भरत बसलेलं असतं. आईला या पाठराखिणीचा राग येतो, पण प्रमाणपत्र हातात पडल्यावर पहिला पेढा आईच वाटते.

फोटोच्या बाबतीत तिचा तोरा वेगळाच. दोन बाय दोन इंच, मागे पांढरं, चेहरा पूर्ण दिसायला हवा, आणि नोव्हेंबर 2016 पासून चष्माही चालत नाही. सप्तपदीचे सुंदर फोटो अल्बमात, आणि पासपोर्टात मात्र चष्म्याविना बावरलेला चेहरा.

मुंबईच्या बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतून स्टॅम्पिंग होऊन पासपोर्ट आला की ते पान नीट पाहा. वर मुलीचं नाव, मुलीचा फोटो. खाली बारीक अक्षरांत नवऱ्याचं नाव. इथे या पाठराखिणीचा खरा स्वभाव कळतो : सोबत बायकोच्या, पण मीठ खाते नवऱ्याच्या कंपनीचं. त्याची मुदत तीच हिची. त्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस, तेवढ्यात दुसरी नोकरी नाही लागली तर दोघांनी सामान बांधायचं. अलीकडे एच-फोरवर जाणारे नवरेही दिसतात. त्यांनाही ती तसूभर सूट देत नाही.

तिचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे बायकोनं कमावलेलं तिला खपत नाही. डेंटिस्ट असो, आर्किटेक्ट असो, दहा वर्षांचा अनुभव असलेली इंजिनिअर असो. पगार म्हटलं की हिची मान नकारार्थी. मे 2015 मध्ये तिला थोडं नमावं लागलं. नवऱ्याचा ग्रीन कार्डसाठीचा आय-140 अर्ज मंजूर असेल तर बायकोला ईएडी, म्हणजे कामाचं कार्ड, मिळू लागलं. भारतीयांच्या ग्रीन कार्डची रांग संपता संपत नाही, त्यामुळे या कार्डाचं मोल आपल्या बायकांइतकं फार थोड्यांना ठाऊक. त्याविरुद्धचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो ऐकायला नकार दिला. कार्ड वाचलं. त्याच महिन्याच्या शेवटी मात्र नूतनीकरणाचा अर्ज पडून असला तरी काम चालू ठेवण्याची जी मुभा होती, ती गेली. कार्ड संपण्याआधी नवं हातात पडलं नाही, तर लागलेली नोकरी बाजूला ठेवून बाईनं घरी बसायचं. हा मला उघड अन्याय वाटतो. शिकलेल्या बाईला तिच्या कामापासून तोडून तुम्ही तिचा संसार कसा राखता?

मुलांवर तिची माया 21 वर्षांपर्यंत. पाळण्यातून तिकडे गेलेलं, तिथलंच इंग्रजी बोलणारं पोरही एकविसाव्या वाढदिवशी तिच्या पदराखालून बाहेर पडतं आणि त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो.

एका गोष्टीला मात्र ती कधीच आडवी येत नाही : शिक्षण. पूर्णवेळ कॉलेज करा, पदवी घ्या, तिची ना नाही. म्हणून कुणाची मुलगी निघाली की मी सांगते, शालू वर ठेव, आधी मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून सीलबंद करून घे. तिकडून मागवायला महिने जातात.