बहात्तरचा दुष्काळ आणि आमचे ग्रंथालय

प्रथम वर्षाला असताना ग्रंथालयाविषयी माझी समजूत फार सोपी होती. तिथे जाऊन ओळखपत्रावर शिक्का मारून घ्यायचा, परीक्षेच्या आधी 'गाइड' शिल्लक आहे का ते विचारायचे, आणि पाचची एस.टी. गाठायची. आमच्या घरात छापील कागद म्हणजे सोसायटीच्या पावत्या, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या आणि श्रावणात वाचायला शेजारून आणलेली पोथी. त्यामुळे एका खोलीत इतकी पुस्तके आणि ती मागितली की देणारा माणूस, हे पाहूनच मी बिचकत असे. काउंटरवर मामा विचारायचे, "कोणतं पुस्तक?" पुस्तकाचे नाव ठाऊक नसेल तर काय सांगायचे, हे मला कुणी शिकवले नव्हते. मग "काही नाही मामा, बघायला आले होते," असे म्हणून मी मैत्रिणीच्या मागे उभी राहायची.

यंदा पर्यावरण विषयाचा प्रकल्प आला. 'माझ्या गावचे पाणी' असा विषय सरांनी दिला. आमचे गाव जिंतूर रस्त्यावर फाट्यापासून आत आहे. गावात पाण्याचा विषय निघाला की आजी हटकून बहात्तरच्या दुष्काळावर येते. म्हणून मी तोच काळ निवडला. निवडला म्हणजे काय, एका रात्री फोनवर शोधले आणि अकरा पाने उतरवून काढली. अक्षर चांगले आहे माझे. मुखपृष्ठावर भेगाळलेल्या जमिनीचे चित्रही काढले.

दोन दिवसांनी सरांनी वही परत केली. गुण नव्हते. समासात पेन्सिलीने तीनच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिले होते: 'कोण म्हणते?', 'केव्हाचे?', 'तुला कसे कळले?' अकरा पानांत हे प्रश्न किती वेळा आले होते ते मी मोजले नाही. सर एवढेच म्हणाले, "उत्तरं ग्रंथालयात आहेत. घाई नाही." खरे सांगते, मला राग आला. बाकीच्यांच्या वह्या तशाच उतरवलेल्या होत्या आणि त्यांना गुण मिळाले होते. एस.टी.त खिडकीकडे तोंड करून मी थोडी रडलेही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथपाल सरांसमोर उभी राहिले. फोनने मला एका पुस्तकाचे नाव दिले होते, लेखकासकट. मराठवाड्यातील दुष्काळावरचे पुस्तक. मी ते चिठ्ठीवर लिहून दिले. सरांनी संगणकावर पाहिले, विद्यापीठाच्या सूचीत पाहिले, मग कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी पेटीतील तक्ते, ज्यांना आता कुणी हात लावत नाही, तेही सरकवून पाहिले. अर्ध्या तासाने ते शांतपणे म्हणाले, "बाळ, हे पुस्तक नाहीये." मला वाटले, आपल्या ग्रंथालयात नाही. ते म्हणाले, "कुठंच नाही. असं पुस्तक कुणी लिहिलेलंच दिसत नाही." फोनातल्या त्या यंत्राने नाव रचून दिले होते, आणि मी ते संदर्भ म्हणून शेवटच्या पानावर लिहून मोकळी झाले होते. मान वर करायची सोय राहिली नाही.

त्यांनी कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढून दिला. परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर. इंग्रजी. शब्दकोश शेजारी घेऊन मी दोन दिवस बसले. नदीनाले, पिके, बाजार, जत्रा, देवळे, सगळे त्यात आहे. चारठाण्याचे नाव वाचून आनंद झाला, कारण तिथे मी सहलीला गेले होते. पण बहात्तरचा दुष्काळ काही केल्या सापडेना. तिसऱ्या दिवशी मी तक्रारीच्या सुरात म्हणाले, "सर, एवढ्या मोठ्या पुस्तकात आपल्या दुष्काळाचा एक शब्द नाही." ग्रंथपाल सर हसले. "पहिलं पान उघड. साल बघ." साल होते १९६७. दुष्काळ पडण्याच्या आधी पाच वर्षे छापलेल्या पुस्तकात मी दुष्काळ शोधत होते! मामा काउंटरवरून हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून कोणतेही पुस्तक हाती आले की मी आधी त्याचे साल पाहते.

त्याच पुस्तकाने आणखी एक गोष्ट शिकवली. त्यातला परभणी जिल्हा आणि आपला परभणी जिल्हा एक नाही. त्यात हिंगोली आहे, वसमत आहे, कळमनुरी आहे, कारण हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. परतूरही आहे. ते १९८१ साली जालना जिल्ह्यात गेले. म्हणजे 'परभणी जिल्ह्यात तेव्हा एवढे आणि आता एवढे' असे जे आकडे मी वहीत शेजारी शेजारी मांडले होते, ते दोन वेगळ्या जिल्ह्यांचे होते. हे फोनने सांगितले नव्हते. मीही त्याला विचारले नव्हते म्हणा.

मग ग्रंथपाल सरांनी १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढली. बांधणी सुटलेली, कडा तांबूस झालेल्या. त्यात तालुक्यागणिक गावांच्या याद्या आहेत. बोट ठेवत ठेवत मी खाली आले आणि आमचे गाव दिसले. आमच्या गावाचे नाव छापील पुस्तकात! मतदारयादीत आणि सातबाऱ्यावर ते पाहिले होते, पण ग्रंथालयातल्या पुस्तकात कधी पाहिले नव्हते. नावापुढे आकडे आणि अक्षरे. शाळेच्या रकान्यात प्राथमिक. पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात 'डब्ल्यू', म्हणजे विहीर. तीच ती देवळामागची विहीर, जिच्यात आता कचरा टाकतात.

आणि एक रकाना होता, साक्षर स्त्रियांचा. त्यातला आकडा इतका लहान होता की गावातल्या त्या बायका कोण असतील याचा मी अंदाज करू लागले. पाटलांच्या घरची एखादी, मास्तरांची बायको... आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. ती त्या आकड्यात नव्हती. ती शेजारच्या मोठ्या आकड्यात होती. मी पुस्तिका मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

घरी जाऊन मी आजीला सांगितले, "आज्जे, तू पुस्तकात हाईस."

"म्या? कामून?"

"गावात किती मानसं होती ते मोजलेलं हाय. त्यात तू बी हाईस."

"मोजाया आला व्हता एक मास्तर," आजी म्हणाली. "वसरीवर बसून इचारत व्हता. दुष्काळाच्या आधी."

त्या रात्री मी पहिल्यांदा वही घेऊन तिच्यासमोर बसले. आजवर तिचे बोलणे कानावरून जात होते, आता मी ते लिहून घेत होते. ती फार काही नवीन सांगत नव्हती. ज्वारी उगवली तशी करपली. जनावरे सोडून दिली. तांबडा मिलो खावा लागला, त्याची भाकरी गळ्याखाली उतरत नसे. कामावर सुकडी मिळायची, ती अर्धी पदरात बांधून घरी आणायची. पाझर तलावाच्या कामावर तिने माती वाहिली, खडी फोडली. मोठी आत्या तेव्हा तान्ही, तिला लिंबाच्या फांदीला झोळी बांधून टाकायची.

वहीत मी फोनवरून उतरवले होते की बहात्तरच्या दुष्काळात लोकांना रोजगार हमीची कामे मिळाली. आजीच्या तोंडात मात्र 'हमी' हा शब्द एकदाही आला नाही. ती म्हणे, "दुष्काळाचं काम." मला वाटले, अडाणी बाई, तिला योजनेचे नाव काय ठाऊक! मी तिला दुरुस्तही केले, "आज्जे, रोजगार हमी म्हन."

"ते मागून आलं," आजी म्हणाली. "तवा दुष्काळाचंच व्हतं."

ग्रंथालयात परत आले. ग्रंथपाल सरांनी महाविद्यालयाचे खाते उघडून 'शोधगंगा'वर बसवले. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे ठेवलेले असतात, काही मराठीतही. कुठला शब्द टाकायचा हेही त्यांनी शिकवले. 'दुष्काळ' टाकला तर डोंगर कोसळतो. 'रोजगार हमी' आणि 'मराठवाडा' एकत्र टाकले की यादी हातात मावते. वाचता वाचता उलगडा झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना निघाली आणि १९७२ साली सुरू झाली खरी. पण लगेच इतका भीषण दुष्काळ पडला की ती बाजूला राहिली आणि सरकारने टंचाईची कामे काढली, लाखो माणसे त्या कामांवर गेली. हमीची योजना पुन्हा मार्गी लागली ती दुष्काळ ओसरल्यावर. तिचा कायदा १९७७ चा, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे आजी बरोबर होती. 'ते मागून आलं.' चुकले होते ते फोनवरून उतरवणाऱ्या माझ्या सुंदर अक्षराचे.

तिला मी दुरुस्त केले होते याची मला अजून लाज वाटते.

सरांनी वहीवर विचारलेल्या 'कोण म्हणते?' या प्रश्नाला आजी हे उत्तर चालेल का, असे मी भीत भीत विचारले. सर म्हणाले, "का नाही? नाव लिही, गाव लिही, कोणत्या तारखेला सांगितलं ते लिही. पुस्तकाचं लिहितो तसंच." मग त्यांनी हेही सांगितले की आजीचे म्हणणेही तपासायचे, पुस्तकाचे तपासतो तसेच. तिला मिलोची चव आठवते, पण साल ती बहात्तर आणि त्र्याहत्तर यांची सरमिसळ करते. दोघांना समोरासमोर बसवायचे.

या निमित्ताने मी डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्याविषयी वाचले. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी आहेत, हा पहिला. वाचायला अगदी साधा वाटतो. पण आपल्याकडे कितीतरी ठिकाणी पुस्तके सांभाळण्यासाठी असतात! कुलूप, जाळीचे कपाट, आणि 'हरवले तर दुप्पट दंड' ही पाटी. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हा दुसरा. माझ्यासारखीला, जिला पुस्तकाचे नावच ठाऊक नसते, तिच्यासाठी या नियमाचा अर्थ एकच: काउंटरपलीकडच्या माणसाने 'कोणतं पुस्तक?' असे न विचारता 'काय शोधतेस?' असे विचारावे. आमच्या ग्रंथपाल सरांनी तसे विचारले म्हणून हा लेख लिहिला गेला.

आपल्या भागाला ग्रंथालयाची किंमत जरा जास्तच कळायला हवी. निजामाच्या काळात उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेत निघाले १९१८ साली, माध्यम उर्दू. उच्च शिक्षण घ्यायचे तर मराठवाड्यातल्या मुलाला हैदराबाद गाठावे लागे. मुलींचे तर बोलायलाच नको. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. ज्या माणसाने दादरला घर बांधले तेही पुस्तकांचा विचार करून, त्याने इकडच्या मुलांसाठी महाविद्यालय काढावे हे साहजिकच होते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, आणि आपले नांदेडचे विद्यापीठ १९९४ चे. परभणीचे कृषी विद्यापीठ तर नेमके १९७२ सालचे. ज्या वर्षी आजी माती वाहत होती, त्याच वर्षी तिच्या गावापासून एस.टी.च्या अंतरावर शेतीचे विद्यापीठ उभे राहत होते. ग्रंथपाल सरांचे पत्र घेऊन मी तिथल्या ग्रंथालयातही एकदा जाऊन आले. एम.एस्सी.ची मुले मोठाले खंड पसरून बसली होती. मी एका टोकाला बसले. कुणी उठवले नाही.

आता थोडे स्पष्ट बोलते, गुरुजनांनी राग मानू नये. आपल्यातले कितीतरी जण तीन वर्षे काढतात आणि ग्रंथालयाच्या आतल्या दालनात एकदाही जात नाहीत. दोष सगळा आमचा नाही. तासाला टिपणे मिळतात, परीक्षेला तीच चालतात, मग जायचे कशाला? ज्या सरांनी मला परत पाठवले त्यांनी टिपणे दिली असती तर मला गुण मिळाले असते आणि आजी चुकीची ठरली असती. प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक वर्गाला एकदा आत नेऊन ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, हे आकडे कपाटावर कुठे असतात एवढे जरी दाखवले तरी पुष्कळ. आणि संदर्भग्रंथ घरी देत नाहीत हे मान्य, पण मग ग्रंथालय एस.टी. सुटेपर्यंत तरी उघडे असावे. खेड्यातून येणाऱ्या मुलींची शेवटची गाडी पाचची असते आणि दालन साडेचारला बंद होते. पुस्तकाच्या ऐन मध्यावर मामांचा किल्ल्यांचा जुडगा वाजू लागतो.

प्रकल्प मी पुन्हा लिहिला. या वेळी सातच पाने झाली. शेवटी संदर्भांच्या यादीत जनगणना पुस्तिका, दोन प्रबंध आणि आजीचे नाव आहे. ते तिला वाचून दाखवले, तेव्हा तिने तेवढी ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "आन् तुळसाचं लिहिलंस का? ती बी व्हती माज्यासंगं पाटी उचलाया." तुळसाआजी वारली त्याला बरीच वर्षे झाली. तिचे नाव मी खाली वाढवले.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. आमचा पाझर तलाव खरेच बहात्तर-त्र्याहत्तरच्या कामातला, की नंतर हमीत झालेला? आजी म्हणते दुष्काळातला. बाबा म्हणतात, त्यांना कळू लागले तेव्हा त्याचे काम चालू होते, आणि बाबांचा जन्म दुष्काळानंतरचा. कदाचित काम दोनदा झाले असेल. सर म्हणाले, कुठल्याशा कचेरीत त्याची फाइल असेल, सुट्टीत जाऊन विचार. ग्रंथपाल सर पत्र देणार आहेत. मागच्या पत्राची प्रत त्यांनी जपून ठेवली आहे, तारीख तेवढी बदलायची आहे.