एक हात मोकळा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला प्रवास आवडतो का? मला फार आवडतो. एस. टी.ची खिडकी असो, आगगाडीचा बाक असो की होडीची फळी असो, कुठेही बसायला मिळाले की माझे मन प्रसन्न होते. महिन्यातून एकदा तरी मी घराबाहेर पडतोच. शेजारी विचारतात, "काय, पुन्हा निघालात? आणि सामान कुठे आहे?" मी खांद्यावरची पिशवी दाखवतो. त्यांना वाटते, मी थट्टा करतो आहे.

पण मी पहिल्यापासून असा नव्हतो. ही सवय मला माझ्या आजीमुळे लागली. ती कशी, ते तुम्हांला सांगतो.

१९७८ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी नववीची परीक्षा दिली होती. आम्ही तेव्हा जालन्याला राहत होतो. कल्याणला काकांच्या घरी लग्न होते. वडिलांना लवकर रजा मिळेना. म्हणून आजीला घेऊन मी पुढे जायचे असे ठरले. एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर प्रथमच आली होती. मी चार दिवस सामानच बांधत होतो. पत्र्याची मोठी ट्रंक, एक वळकटी, फराळाचा डबा आणि पाण्याची सुरई! ट्रंकेत काय नव्हते? कपडे होते, दोन जोड बूट होते, गोष्टींची पुस्तके होती. इस्त्रीसुद्धा होती. आजीजवळ मात्र एकच लहानसे गाठोडे होते. निळ्या चौकड्यांच्या फडक्यात तिने ते बांधले होते.

त्या काळी जालन्याहून मनमाडपर्यंत मीटरगेज लाइन होती. म्हणजे दोन रुळांमधले अंतर फक्त १ मीटर. मनमाडहून मुंबईकडे जाणारी लाइन ब्रॉडगेज. तिच्या रुळांमधले अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर. एका लाइनीवरची गाडी दुसरीवर चालू शकत नसे. त्यामुळे सगळ्या प्रवाशांना मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. आता ती लाइन रुंद झाली आहे आणि जालन्याहून मुंबईला थेट जाता येते. पण तेव्हा मनमाडचा पूल चढल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आमची गाडी उशिरा पोहोचली. मुंबईची गाडी पुलापलीकडच्या फलाटावर उभी होती. हमाल कुठे दिसेना. मी ट्रंक डोक्यावर घेतली, वळकटी काखेत मारली आणि डबा हातात धरला. सुरई पहिल्याच पायरीवर आपटून फुटली. आजीचे गुडघे दुखत असत. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "लेकरा, जरा हात दे रे."

हात कुठून देणार? माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मी म्हणालो, "तू ये हळूहळू. मी सामान ठेवून आलोच!" आणि तिला तिथेच सोडून मी धावत सुटलो.

डब्यात शिरून मी सामान बाकाखाली सरकवले. इतक्यात शिट्टी झाली. मी दारातून वर पाहिले. आजी पुलावर कठड्याला धरून उभी होती. घाईत असलेल्या माणसांचे धक्के तिला लागत होते. ती मला शोधत होती. मित्रांनो, खरे सांगतो, त्या क्षणी मी आधी मागे वळून ट्रंकेकडे पाहिले आणि मग आजीकडे. मी लगेच खाली उतरलो. पण आधी ट्रंकेकडे पाहिले, याची लाज मला आजही वाटते.

गाडी आमचे सामान घेऊन निघून गेली.

स्टेशनमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी पुढच्या स्टेशनांना फोन केला. "तुमचं सामान नाशिकरोडला उतरवून ठेवतील. तुम्ही रात्रीच्या गाडीने जा," असे त्यांनी सांगितले. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. मला रडू आवरेना. आजीने शांतपणे आपले गाठोडे सोडले. त्यात चार भाकऱ्या होत्या, चटणी होती, एक पेला होता. एक लुगडे, एक पंचा, साबणाची वडी, औषधाची डबी आणि काकांचा पत्ता लिहिलेला कागद होता. पैसे तिच्या पदराला बांधलेले होते. आम्ही पोटभर जेवलो.

मग आजीने विचारले, "लेकरा, त्या ट्रंकेत होतं तरी काय एवढं?"

मी बोटांवर मोजू लागलो. सदरे, बूट, पुस्तके, इस्त्री... नऊ वस्तूंपर्यंत आलो आणि अडलो. पुढचे काही केल्या आठवेना. आजी हसून म्हणाली, "जे आठवत नाही, ते घेतलंस कशाला?"

ती एवढेच बोलली. पायऱ्यांविषयी तिने एक शब्दही काढला नाही. तेच मला अधिक लागले. रात्रीची गाडी आली तेव्हा माझे दोन्ही हात मोकळे होते. एका हातात मी गाठोडे घेतले आणि दुसऱ्या हाताने आजीचा हात धरून तिला डब्यात चढवले.

लग्नात मी चुलतभावाचा सदरा घातला. माझे काहीही अडले नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी नाशिकरोडहून ट्रंक आणली. परत निघेपर्यंत तिच्यातल्या फक्त चार वस्तू मला लागल्या.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. पिशवी भरून झाली की मी डोळे मिटतो आणि आत काय काय आहे ते आठवतो. जे आठवत नाही, ते बाहेर काढून ठेवतो. मग पिशवी खांद्याला लावून घराचा जिना दोनदा चढतो. दम लागला, तर आणखी एखादी वस्तू कमी करतो. बहुतेक वेळा पिशवीत एवढेच उरते : कपड्यांचा एक जोड, पंचा, साबण, टॉर्च, सुई-दोरा, वही, पेन, थोडी औषधे आणि पाण्याची बाटली. कपडे रात्री धुवायचे आणि सकाळी घालायचे. थंडीत स्वेटर आणि पावसाळ्यात छत्री मात्र हवीच. कमी सामान न्यायचे म्हणजे गरजेची वस्तूही घरी ठेवायची आणि मग दुसऱ्याकडे मागत फिरायचे, असे नव्हे.

मोकळ्या हातांनी प्रवास किती सुखाचा होतो म्हणून सांगू! दौलताबादच्या किल्ल्यावर 'अंधारी' नावाचा वळणावळणाचा अंधारा मार्ग आहे. तिथे एका हातात टॉर्च आणि दुसरा हात भिंतीला, असे चालावे लागते. मुरूडजवळचा जंजिरा किल्ला भर समुद्रात आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने तिथे जातात. होडी लाटांवर हलत असते आणि आपण दरवाजाच्या पायरीवर पाऊल टाकायचे असते. तिथे ट्रंकवाल्याचे काय होईल, याची तुम्हीच कल्पना करा!

दौलताबाद म्हटले की मला एका थोर प्रवाशाची आठवण होते. त्याचे नाव इब्न बतूता. मोरोक्को देशातल्या तांजिया शहरातून तो १३२५ साली एकटाच निघाला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढे तो दिल्लीला आला. सुलतान मुहम्मद तुघलकाने त्याला आपला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे पाठवले. बरोबर घोडे, भरजरी वस्त्रे आणि कितीतरी मौल्यवान भेटी दिल्या. दौलताबादवरून तो कालिकत बंदराला पोहोचला. तिथे वादळ झाले. भेटवस्तूंचे जहाज फुटले. त्याचे स्वतःचे सामान दुसऱ्या जहाजावर होते. ते जहाज त्याला किनाऱ्यावर सोडून निघून गेले! त्याच्याजवळ उरले फक्त दहा दिनार आणि अंथरायची सतरंजी. हे वाचले तेव्हा मला मनमाडचा फलाट आठवला. पण इब्न बतूता घरी परतला नाही. तो मालदीव बेटांना गेला, श्रीलंकेला गेला आणि शेवटी चीनलाही पोहोचला. सामान गेले, पण त्याचा प्रवास थांबला नाही. त्याने पाहिलेले सारे आज त्याच्या सफरनाम्यात आपल्याला वाचायला मिळते.

मित्रांनो, तुमच्या शाळेची सहल निघेल तेव्हा आजीची परीक्षा जरूर घेऊन पाहा. पिशवी भरा, डोळे मिटा आणि आठवा. निदान एक हात तरी मोकळा राहील, असे बघा. स्टेशनच्या पुलावर अर्ध्या पायऱ्यांवर थांबलेले कोणी म्हातारे माणूस आता मला दिसले की माझा हात आपोआप पुढे होतो. पूर्वी तो सामानात अडकलेला असे.

आजीला जाऊन बरीच वर्षे झाली. तिचे निळ्या चौकड्यांचे फडके माझ्याजवळ आहे. आता ते विरले आहे. वाटेत लागणारी भाकरी मी त्यातच बांधून घेतो. डोळे मिटून वस्तू आठवू लागलो की सर्वांत आधी तेच आठवते.