दशमीचा दरवाजा

२०२५ सालच्या पंचांगात २ ऑक्टोबरला विजयादशमी होती, आणि यहुदी दिनदर्शिकेत त्याच दिवशी तिश्री महिन्याची दहावी तिथी, म्हणजे यॉम किप्पूर, हा पापक्षालनाचा उपवास होता. ही दोन नावे एकाच तारखेखाली पाहिल्यापासून माझे चित्त तेथे जे अडकले ते सुटेना. २०२२ साली ५ ऑक्टोबरला आणि २०२४ साली १२ ऑक्टोबरला हाच योग आला होता. मधल्या २०२३ साली मात्र आपल्याकडे अधिक श्रावण पडल्याने दसरा २४ ऑक्टोबरपर्यंत लांबला आणि यॉम किप्पूर २५ सप्टेंबरलाच होऊन गेले. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे. ती तूट भरण्यासाठी यहुदी गणितही १९ वर्षांत ७ महिने वाढवते, फक्त तो वाढीव महिना नेहमी अदार महिन्याच्या वाट्याला येतो, आपल्या अधिक मासासारखा फिरता नसतो. ही बेरीज होते म्हणूनच यहुदी सणांपैकी पेसाह वसंतातली आणि सुक्कोथ शरदातली पौर्णिमा सोडीत नाही.

हे सारे गणित ग्रंथांच्या आधाराने चालते. परंतु कोकणातल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजापाशी कित्येक पिढ्या ग्रंथच नव्हते. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि पोथ्या समुद्राने नेल्या, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे ही मंडळी गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवली गेली; हिब्रू भाषा विसरली, ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. अशा स्थितीत वर्षाचे सण कोणी सांभाळले असतील, तर ते घरातल्या स्त्रियांनी, असे माझे ठाम मत आहे. पेसाहची मूळ कथा, मिसरच्या दास्यातून झालेली सुटका, स्मरणातून पुसट झाली. पण त्या दिवसांत आंबट रसाचे मडके आठ दिवस झाकून ठेवायचे, हा ‘अनाशी ढाकायचा सण’ चुकला नाही. आंबवलेले वर्ज्य, एवढा त्या आज्ञेचा गाभा एका झाकणाखाली सुरक्षित राहिला. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या आव महिन्याच्या नवमीस ‘बिरड्याचा रोजा’ असे, आणि केळीच्या पानावर वाढलेले वालाचे बिरडे हेच त्या शोकाचे अन्न.

या सर्वांत माझे मन सर्वाधिक ओढून घेतो तो तिश्रीच्या दशमीचा ‘दारफाळणीचा सण’. आदल्या दिवशी स्नान करावे, पांढरी वस्त्रे नेसावीत, दिवस मावळण्यापूर्वी जेवण आटोपावे, आणि मग घराचे दार लावून घ्यावे ते दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत. त्या अवधीत अन्न नाही, पाणी नाही, परक्याशी बोलणे नाही. जेथे सिनेगॉग नाही, प्रार्थना चालवणारा हझ्झान नाही, योनाचे पुस्तक वाचून दाखवणारा कोणी नाही, तेथे मनुष्याने ईश्वरासमोर उभे राहायचे तरी कसे, या प्रश्नाचे त्यांनी काढलेले उत्तर म्हणजे हे लावलेले दार. दोन्ही पंचांगे जुळत त्या वर्षी एकाच आळीत काय दिसत असेल, ही कल्पना मला फार वेळ सोडीत नाही: एका उंबरठ्यावर झेंडूचे तोरण, आपट्याची पाने घेऊन येणारी-जाणारी माणसे, मुलांचा गलका, आणि शेजारचे दार सकाळपासून बंद, आतून लहानग्याच्या तहानेची कुरकुर आणि तिला समजावणारा आईचा दबका, तोच आगरी वळणाचा मराठी स्वर. शेजाऱ्यांनी ते दार ठोठावले नसेल, अशी माझी श्रद्धा आहे. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचे. उपवासाला पितर घरी येतात आणि शिळ्या सणाला परततात, अशीही समजूत होती, आणि भाद्रपदाचा पितृपक्ष नुकताच पाहिलेल्या शेजाऱ्यांना ती परकी वाटली नसणार.

एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, मुंबईत १७९६ पासून सिनेगॉग होतेच, पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठी मजकुराची सचित्र हग्गादा, म्हणजे पेसाहची पोथी, छापली गेली, तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून पेसाहच्या बिनआंबवलेल्या पोळ्या करीत आहेत. दिव्यांचा हनुक्का, जो पूर्वजांना ठाऊकच नव्हता, तोही घरात आला. हे शिक्षण आवश्यक होते, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तथापि नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करून, ऊद जाळून, शेमा म्हणून साजरा होणारा तिश्रीतला ‘खिरीचा सण’ शास्त्रात सापडत नाही म्हणून मागे पडावा, याचे मला दुःख होते. मलिदा मात्र टिकला. गोड पोहे, खोबरे, फळे यांचे ताट एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मांडायचे. अलिबागजवळच्या खंडाळ्यास त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा ज्यावर आहेत असे मानतात तो कातळ आहे, तेथे नवस फेडायला इस्राएलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही येतात, आणि पोहे कोकणातलेच हवेत असा कोणी हट्ट धरला तर मी त्याच्या बाजूचा आहे.