पास वसूल

1999 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने पुडिंगचे 12,150 कप विकत घेतले. पुडिंगची आवड म्हणून नव्हे. वेष्टनं कापून पाठवली की विमानाचे मैल, म्हणजे फुकट प्रवासासाठी साठवायचे गुण, मिळत होते. साधारण 3,140 डॉलरमध्ये त्याच्या खात्यावर साडेबारा लाख मैल जमा झाले. पुडिंग त्याने दान करून टाकलं आणि त्यावरही करात सूट मिळवली. ही गोष्ट आमच्या काकाजींना सांगितली, तेव्हा ते हसले नाहीत. मान डोलावून म्हणाले, "हुशार माणूस आहे बाप्पा."

हिंगणघाटला विमान नाही. जवळचा विमानतळ म्हणजे पंचाहत्तर किलोमीटरवरचं नागपूरचं सोनेगाव. पण हाच नाद लाल गाडीवर भागवता येतो. एसटीची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही योजना 1988 पासूनची. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि राज्यभर हवं तिथे, हवं तितकं फिरायचं. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात. पास हातात पडला की कंडक्टरचं टप्पे मोजणं संपतं आणि काकाजींचं सुरू होतं. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा शौक नाही. एक जुनी वही आहे. तिच्यात ज्या-त्या गावची सुटणारी गाडी, पोचायची वेळ आणि समासात टप्पे. चौकशीच्या खिडकीतला माणूस त्यांना लांबून येताना पाहिलं की फोन उचलून कानाला लावतो.

एका पासात जास्तीत जास्त किलोमीटर काढायच्या या खेळाचे नियम त्यांच्याकडून ऐकावेत. उभी गाडी किलोमीटर देत नाही, म्हणून जेवण स्टँडवर नाही, डबा गाडीत. रात्र लॉजवर घालवायची नाही. रातराणीत झोप होते, अंतर होतं आणि खोलीचे पैसे वाचतात. घाट म्हणजे तोटा: आंबोलीची वळणं चढता-उतरता जेवढा वेळ जातो, तेवढ्यात वऱ्हाडातल्या सपाट रस्त्यावर गाडी कुठल्या कुठे जाते. नुसता हिशेब पाहायचा तर कोकण टाळावं. पण दरवेळी वहीत सावंतवाडी येतेच, आणि का येते ते काकाजी सांगत नाहीत.

पुण्याच्या माणसाला या खेळात आमच्याइतकी मजा नाही, असं माझं मत आहे. त्याला सगळंच जवळ. आम्ही राज्याच्या एका टोकाला. मुंबई सातशेहून अधिक किलोमीटर. एरवी या अंतराच्या नावाने आम्ही बोटं मोडतो. सरकार लांब, मोठं हॉस्पिटल लांब. पास काढला की तेच अंतर भांडवल होतं. जातानाचा अकोला-संभाजीनगरचा रस्ता, येतानाचा सोलापूर-लातूर-नांदेडचा, मग यवतमाळ, राळेगाव आणि घर.

"कुठं जाऊन राहिले काकाजी?" कंडक्टर विचारतो.

"कुठीच नाही. पास संपवून राहिलो."

विमानवाल्यांनी अंतर कापून मैल जमवायची पळवाट केव्हाच बुजवली. पूर्वी सरळ जाण्यापेक्षा दोन ठिकाणी विमान बदलत गेलं तर तिकीट कधी कधी स्वस्त पडायचं आणि मैल जास्त मिळायचे. वर्षअखेरीला खास प्रवाशाचा दर्जा टिकवण्यापुरते मैल कमी पडले की माणसं परदेशी विमानतळावर उतरून तिथूनच परत फिरायची. 2015 पासून अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या मैलांऐवजी तिकिटाला मोजलेले पैसे धरू लागल्या. 2024 मध्ये एअर इंडियाही त्याच वाटेने गेली. आता जास्त खर्चील त्याला जास्त गुण. त्यात डोकं कुठे लागतं?

आणि अंतरासाठी अंतर कापणं वेडेपणाचं म्हणावं, तर ज्याने हिंदुस्थान मोजायला घेतला तो विल्यम लॅम्बटन आमच्याच गावात पुरलेला आहे. 1802 मध्ये त्याने मद्रासजवळून सुरुवात केली. अर्ध्या टनाची थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, देवळांच्या गोपुरांवर चढवत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. त्यालाही कुठल्या गावाला पोचायचं नव्हतं. पृथ्वीचा आकार काढायचा होता. जानेवारी 1823 मध्ये हैदराबादहून नागपूरला जाताना तो हिंगणघाटला वारला. नागपूर हाताशी आलं होतं. काकाजींच्या लेखी ही पास संपण्याआधी गाडी बंद पडण्याची गोष्ट आहे.

त्यांच्या स्वतःच्या हिशेबाला मात्र घरातूनच सुरुंग लागला आहे. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. त्यामुळे पास वसूल करायला काकूंना काकाजींच्या दुप्पट हिंडावं लागेल, आणि त्यांना तर फक्त पंढरपूरला जायचं असतं. अर्ध्या तिकिटात जातात, दर्शन घेऊन येतात, वही लागत नाही. काकाजींचीही पासष्टी जवळ आली आहे. पासष्टीला अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना सगळा प्रवासच फुकट. गावातले लोक त्यासाठी आधार कार्डावरची जन्मतारीख पुन्हापुन्हा पाहतात. काकाजी उदास होतात. "फुकटातून काय वसूल करता?" म्हणतात, आणि पासष्टीच्या आत सात दिवसांचे दोन पास तरी पदरात पाडून घ्यायचे म्हणून दिवाळीनंतरच्या गाड्या लिहायला बसतात.